ओझर 'मिग'ची गोष्ट : नोंदवही आधी, क्यूआर कोड नंतर

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ने शेवटचं उड्डाण केलं. हवाई दलात ते आलं १९६३ साली, त्याच चंदीगडला. बासष्ट वर्षांची नोकरी झाली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, आपल्या ओझरला एचएएलमध्ये तेजस मार्क-१ए च्या उत्पादनाचं उद्घाटन झालं आणि इथे तयार झालेलं पहिलं तेजस आकाशात गेलं. एक पर्व संपलं, दुसरं सुरू झालं. निरोपाचा सोहळा चंदीगडला झाला हे बरोबरच, पहिली तुकडी तिथलीच. पण ज्या गावाच्या नावालाच 'मिग' चिकटलंय, त्या गावात उद्या कुणी पाहुणा आला आणि म्हणाला, "दाखवा तुमच्या साठ वर्षांची गोष्ट", तर त्याला न्यायचं कुठे?

गंमत बघा. फोनवर नुसतं 'ओझर' टाकलं की आधी येतो जुन्नरचा विघ्नहर, अष्टविनायकातला. गणपतीबाप्पाशी आपलं काही भांडण नाही. पण म्हणूनच आपण पत्ता सांगताना 'ओझर मिग' म्हणतो. विमान निवृत्त झालं, नाव अजून नोकरीवर आहे.

सध्या सगळीकडे 'डिजिटल म्युझियम'ची चर्चा आहे. सिंहस्थ तोंडावर आलाय. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. लाखो माणसं येणार, त्यातली बरीचशी आपल्या विमानतळावरून आणि आपल्या दारातल्या मुंबई-आग्रा महामार्गावरून. त्यामुळे अ‍ॅप करा, क्यूआर कोड लावा, डोळ्यांवर चष्मा चढवून विमानात बसल्यासारखं दाखवा, असे प्रस्ताव गावोगावी निघणार. निघू देत. विरोध नाही. मला एवढंच विचारायचंय की तो कोड स्कॅन केल्यावर पुढे काय उघडणार? उघडायला काहीतरी जमवलेलं लागतं. ते आपण जमवलंय का?

आधी गोष्ट काय आहे ती थोडक्यात बघू.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये भारताने सोव्हिएत युनियनबरोबर मिग-२१ चा करार केला. दोन-तीन महिन्यांत चीनचं युद्ध झालं आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढच्या वर्षी ते लोकसभेवर निवडून गेले ते नाशिकमधून, बिनविरोध. मिगचा कारखाना नाशिकला आला तो यशवंतरावांमुळे, असं आपल्याकडची जुनी माणसं आजही छातीठोकपणे सांगतात. कारखाना तीन ठिकाणी वाटला गेला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. त्यासाठी १९६३ मध्ये 'एरोनॉटिक्स इंडिया' नावाची सरकारी कंपनी काढली आणि १ ऑक्टोबर १९६४ ला ती बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये मिळून आजची एचएएल झाली. म्हणजे एचएएलच्या जन्मपत्रिकेतच ओझर आहे.

सुरुवातीला तयार भाग यायचे, ते जोडायचे. मग छोटे भाग आणून मोठे भाग इथे बांधायचे. मग शेवटी कच्च्या मालापासून, म्हणजे धातूच्या पत्र्यापासून अख्खं विमान. ही शेवटची पायरी १९७० मध्ये गाठली. पत्रा ते विमान हा प्रवास सहा वर्षांत! कागदावर याला 'तंत्रज्ञान हस्तांतरण' म्हणतात. प्रत्यक्षात ते हस्तांतरण कुणाच्या हातात झालं? आयटीआय करून आलेल्या पोरांच्या. कुणी फिटर, कुणी टर्नर, कुणी शीट मेटलवाला. ध्वनीपेक्षा दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाचं रिव्हेट या पोरांनी ठोकलं. मिग-२१ एफएल, मग एम, मग बिस, नंतर मिग-२७, २००४ पासून सुखोई-३० एमकेआय आणि आता तेजस. एका धावपट्टीवर इतक्या पिढ्या.

या गोष्टीच्या आणखी दोन बाजू आहेत आणि त्या सोडून गोष्ट सांगितली तर ती जाहिरात होईल. एक म्हणजे जमीन. धावपट्टी, कारखाना, वसाहत हे सगळं कुणाच्या तरी शेतावर उभं आहे. ज्यांच्या विहिरी, बांध, झाडं त्याखाली गेली त्यांच्या घरात ती गोष्ट वेगळ्या सुरात सांगितली जाते. दुसरी बाजू अपघातांची. मिगने लढाया जिंकून दिल्या तशा अनेक घरांतली तरणी मुलंही नेली. 'उडती शवपेटी' हा शब्द सगळ्या देशाने ऐकला, 'रंग दे बसंती' सगळ्यांनी पाहिला. तो शब्द कानावर पडल्यावर कारखान्यातून रिटायर झालेल्या माणसाला काय वाटत असेल? विमानं जुनी झाली होती का, सुटे भाग कमी पडत होते का, नवशिक्या वैमानिकांना आधी शिकवायला प्रशिक्षण-जेट वेळेवर मिळालं नाही, त्याचा वाटा किती? यावर तो काहीतरी सांगू शकेल. त्याला विचारायला हवं.

आता अडचण. हा सगळा इतिहास भिंतीच्या आत आहे. तो संरक्षण खात्याचा कारखाना. आत वाटेल त्याला जाता येत नाही, फोटो काढणं तर दूरच. आणि ते योग्यच आहे. एचएएलचं स्वतःचं विमान-संग्रहालय आहे, ते २००१ पासून बंगळुरूला. एरवी एखादं निवृत्त विमान चौथऱ्यावर चढवायचं, खाली पाटी लावायची : लांबी इतकी, वेग इतका. मुलं सेल्फी काढतात, दोन मिनिटांत पुढे जातात. त्या पाटीवर माणूस कुठेच नसतो.

म्हणूनच मला वाटतं की डिजिटलची गरज ओझरइतकी फार थोड्या ठिकाणी असेल. किल्ला असो की लेणी, माणूस तिथे जाऊन डोळ्यांनी बघू शकतो, फोन फक्त मदतीला. इथे वास्तूच बंद आहे. जे दाखवायचं ते बाहेरूनच दाखवावं लागेल. आवाजातून, जुन्या फोटोंतून, घरातल्या वस्तूंतून.

पण त्याची आखणी कशी करायची? यासाठी लांब जायला नको. वीस-पंचवीस किलोमीटरवर पांडवलेणी आहेत.

तिथल्या १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणं कायमची ठेव म्हणून ठेवली, विणकरांच्या दोन श्रेणींकडे. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापणं. करा हिशोब. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. आजही पैशाचा फरक येत नाही! आणि खरी गोष्ट पुढे आहे. लेख सांगतो की हे सगळं आधी नगरसभेत वाचून दाखवलं (श्रावित), मग रीतीप्रमाणे दप्तरी नोंदवलं (निबद्ध). आणि हे दोन्ही झाल्याचं दगडात कोरलं.

क्रम लक्षात घ्या. लोकांना ऐकवलं, दप्तरात नोंदवलं आणि मग भिंतीवर आलं. भिंत सगळ्यात शेवटी. आपण आज उलटं करतो. आधी पडदा विकत घेतो, मग त्यावर काय दाखवायचं म्हणून गूगलवरून फोटो उचलतो.

त्याच लेण्यांत ३ नंबरला गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरातांचा म्हणजे नहपानाच्या घराण्याचा बीमोड केला असं ती आई अभिमानाने सांगते. आईने मुलाचं कौतुक केलं, त्याला पुरावा काय? पुरावा १९०६ साली निघाला, आपल्याच जिल्ह्यात, जोगलटेंभीला. चांदीच्या नाण्यांचा साठा, १३,००० हून जास्त नाणी नहपानाची, आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्याची नाणी तशीच ठेवून वर स्वतःचं नाव! ज्यांनी ती नाणी मोजली, वेगळी केली, कुठे सापडली ते लिहून ठेवलं, त्यांच्यामुळे हे कळलं. ती सोनाराकडे वितळली असती तर? चांदी मिळाली असती, इतिहास गेला असता.

फोनचा खरा उपयोग इथे आहे. १० नंबरचं लेणं, ३ नंबरचं लेणं आणि जोगलटेंभीची नाणी ही एकाच गोष्टीची तीन पानं, पण तिन्ही एका जागी कधी येणार नाहीत. लेण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ते नाणं ठेवणं, हे काम फोन करू शकतो. त्रिमितीय हत्ती नाचवायची गरज नाही.

आता जगात काय झालं तेही बघू. कानात गोष्ट ऐकवणारा संग्रहालयातला पहिला यंत्र-वाटाड्या अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ मध्ये आला. लहान रेडिओ गळ्यात, कानाला श्रवणयंत्र, आणि मधोमध टेप चालू. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच चित्राकडे बघायचं. नंतर कॅसेट आली, सीडी आली, अ‍ॅप आलं. यंत्रं भंगारात गेली. टिकलं काय? अमेरिकेत अल्काट्राझ नावाचं बेटावरचं जुनं तुरुंग आहे. तिथे १९८० च्या दशकात जी ध्वनि-सहल केली, तिच्यात आवाज कुणाचे घेतले? तिथेच नोकरी केलेल्या पहारेकऱ्यांचे आणि तिथेच शिक्षा भोगलेल्या कैद्यांचे. रिकामी कोठडी तीच, पण कानात तिथे राहिलेला माणूस बोलतो. आजही लोक ती सहल ऐकायला रांग लावतात. ते आवाज वेळेवर टेप केले म्हणून आहेत. दहा वर्षं थांबले असते तर नट आणून बोलवावे लागले असते.

आणि क्यूआर कोड? तोही कारखान्यातलाच. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने गाडीच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तो तयार केला. ओझरच्या कामगाराला हे पटकन समजेल. विमानात प्रत्येक भागाला नंबर, प्रत्येक कामाला कागद, प्रत्येक कागदावर कुणी केलं आणि कुणी तपासलं त्याची सही. आपल्या गावाने साठ वर्षं रिव्हेटचीसुद्धा नोंद ठेवली. माणसांची ठेवायची राहिली.

१९६५ ला वीस वर्षांचा असलेला अप्रेंटिस आज ऐंशीच्या पुढे आहे. अ‍ॅप दोन वर्षांनीही होईल. हे काम दोन वर्षांनी होणार नाही. म्हणून काही ठोस सुचवतो.

एक. आधी आवाज. पन्नास माणसांची यादी करू. फक्त साहेब नकोत. फिटर, पेंटर, इन्स्पेक्शनवाला, कँटीनचा आचारी, शिफ्टची बस चालवणारा, वसाहतीतल्या शाळेतल्या बाई, जमीन गेलेल्या घरातले आजोबा, आणि ज्यांचं घड्याळ आयुष्यभर भोंग्यावर चाललं त्या आज्या. "तुम्हाला कसं वाटलं" असं विचारलं की "छान वाटलं" एवढंच उत्तर येतं. विचारायचं असं : पहिल्या दिवशी हातात कोणतं हत्यार दिलं? रशियन तज्ज्ञांशी बोलायचात कोणत्या भाषेत? पहिला पगार कुणाच्या हातात दिला? ज्या दिवशी अपघाताची बातमी यायची त्या दिवशी शॉपमध्ये काय बोलणं व्हायचं? साधा फोन, बंद खोली, पंखा बंद. तेवढं पुरतं.

दोन. परवानगी. बरीच माणसं बोलायला बिचकतील, कारण आयुष्यभर 'बाहेर बोलायचं नाही' हीच सवय. ती सवय चांगली आहे, तिचा मान ठेवू. एचएएलकडे लेखी विचारू : काय सांगितलेलं चालेल, कोणते जुने फोटो देता येतील. कामाची गुपितं आपल्याला नकोतच, माणसांच्या आठवणी हव्यात. बोलणाऱ्याचीही सही घेऊ. त्याने 'हे माझ्यामागे ऐकवा' म्हटलं तर तसंच.

तीन. फोटो. प्रत्येक घरात पत्र्याच्या पेटीत एक ग्रुप फोटो असतोच. तो मागून न्यायचा नाही. तिथेच स्कॅन करायचा आणि हातात परत द्यायचा. मागे काय लिहिलंय तेही स्कॅन करायचं. डावीकडून उजवीकडे नावं, साल, जागा, फोटो कुणाचा. नावं न लिहिलेला फोटो वीस वर्षांनी रद्दी होतो. याद्या ठेवायला पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' नावाची प्रणाली संग्रहालयांसाठी केलेली आहे. तेवढं नाही जमलं तर साधा एक्सेल चालेल. प्रती तीन. एक नगरपरिषदेत, एक शाळेत, एक नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला विनंती करून तिथे. ते १८४० पासून उभं आहे. आपल्या वेबसाइटचं भाडं पुढच्या वर्षी कोण भरेल याची खात्री नाही, वाचनालय राहील याची आहे.

चार. पाणी विसरायचं नाही. ओझर म्हणजे फक्त आकाश नाही. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला आपली शेतं. टोकाच्या माणसाला पाणी पोचायचं नाही. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून पाणी वापर संस्था उभ्या केल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या पहिल्या तीन. पाणी मोजून घ्यायचं, पाळी ठरवायची, पट्टी स्वतः गोळा करायची. पुढे अख्ख्या वाघाडवर अशा २४ संस्था झाल्या. राज्याने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याच्या पंधरा वर्षं आधी ओझरला ते सुरू झालेलं होतं. देश-परदेशातून लोक बघायला आले. त्या संस्थांची पहिली प्रोसिडिंग बुकं, पाळीपत्रकं, भांडणं मिटवल्याचे ठराव हा वारसा नाही तर काय आहे? तो स्कॅन करायला कुणाच्या संरक्षण परवानगीचीही गरज नाही. सुरुवात तिथूनच होऊ शकते.

पाच. मग पाट्या. सहा-सात जागा पुरेत : विमानतळ, एसटी स्टँड, बाणगंगेचा काठ, कालव्याचं टोक, टाउनशिपचा बाहेरचा रस्ता. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटांचा एकच आवाज. आधी मराठी, मग हिंदी, इंग्रजी. पाटीवर गोष्ट चार ओळींत मोठ्या अक्षरात छापलेलीही हवी, म्हणजे फोन नसलेली आजी वाचेल आणि सिंहस्थाच्या गर्दीत नेटवर्क बसलं तरी पाटी बसणार नाही. अ‍ॅप डाउनलोड करायला लावू नका, रस्त्यावर उभा माणूस ते करत नाही. आणि कोडवर दुसराच कोड चिकटवून पैसे लुबाडणारे असतात. त्यामुळे दर आठवड्याला पाटी तपासायची जबाबदारी एका नावावर हवी.

सहा. हिशोब. उद्घाटनाला पैसे मिळतात, तिसऱ्या वर्षी कोड उघडत नाही. म्हणून उषवदाताची पद्धत धरू. रक्कम बाजूला ठेवायची, व्याजातून दुरुस्ती, आणि ठराव सभेत वाचून दाखवायचा. वर्षातून एकदा सांगायचं : किती जणांनी ऐकलं, किती जणांनी शेवटपर्यंत ऐकलं, कुठे सोडून दिलं. जिथे सोडून दिलं ती गोष्ट बदलायची.

ओझर आता नगरपरिषद आहे, नगरसेवक आपल्याच आळीतले आहेत. मागणी घेऊन जायचं तर 'आम्हाला डिजिटल म्युझियम द्या' असं मोघम नको. पन्नास नावांची यादी, दहा रेकॉर्ड केलेले आवाज आणि शंभर नावं लिहिलेले फोटो घेऊन जाऊ. मग त्यांना नाही म्हणणं अवघड जाईल.

तोवर एक काम प्रत्येकाच्या हातात आहे. या रविवारी घरातला तो ग्रुप फोटो काढा, आजोबांच्या शेजारी बसा आणि मागे पेन्सिलने नावं लिहा. एखादं नाव आजोबांना आठवलं नाही तर फोटो घेऊन त्यांच्या शिफ्टमधल्या मित्राकडे जा. त्यांना आठवेल.